आल्टोचे फाटलेले बूट: पावसाआधीच्या कामाच्या नोंदी

28 एप्रिल 2024, रविवार

गाडी 2007 ची आल्टो, 796 सीसीची. मुक्काम चिपळूण. काम: पुढच्या चाकांच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला देणारा दांडा; त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट, आणि जॉइंटवरचं घड्यांचं, आत ग्रीस भरलेलं रबरी आवरण म्हणजे बूट.

उजवं चाक काढलं होतं ते ब्रेक पॅड बघायला. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा गोल पट्टा उमटलाय. कॅलिपरवर (ब्रेक पॅड दाबणारा भाग), लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणारा दांडा), शॉकअपच्या नळीवरही तेच शिंतोडे. ग्रीस एकाच पातळीत, गोलाकार उडालेलं दिसलं की ब्रेक ऑइल की गिअर ऑइल असा घोळ घालत बसायचं कारण नाही. फिरत्या शाफ्टमधून उडालंय, म्हणजे बाहेरचा बूट फाटलाय.

चाकाकडून दुसऱ्या घडीत, जवळजवळ अर्धा घेर फाट. कडा सरळ आणि कडक आहेत. उंदराने कुरतडलं असतं तर कड दातेरी दिसली असती. आमच्याकडे तेही होतं, विशेषतः गाडी पडवीला लागून उभी असली की. हे मात्र रबर म्हातारं होऊन घडीत चिरलंय.

डावीकडचा बूट वरवर धड. पण स्टिअरिंग पूर्ण कापून घड्या उघडल्या आणि अंगठ्याने दाबल्या, तेव्हा खाचेत बारीक चिरा दिसल्या. आरपार नाहीत अजून. चाक सरळ असताना या चिरा दिसतच नाहीत, घडी मिटलेली असते. सर्व्हिसिंगच्या कागदावर ‘बूट ओके’ अशी टिकमार्क पडते ती बहुधा चाक सरळ ठेवूनच.

आतले, गिअरबॉक्सकडचे दोन्ही बूट चांगले आहेत. त्यांना स्टिअरिंगचा मोड सोसावा लागत नाही, फक्त खड्ड्यांबरोबर वर-खाली. म्हणून बाहेरचे आधी जातात.

29 एप्रिल

संध्याकाळी मैदानावर नेऊन पाहिली. डावीकडे पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू रेस दिली की उजव्या चाकातून कट-कट-कट. वेग वाढवला की कटकट त्याच प्रमाणात भरभर. सरळ चालताना आवाज नाही, रेस दिल्यावर गाडी थरथरतही नाही. थरथरली असती तर आतल्या जॉइंटवर संशय घेतला असता.

उजवीकडे वळवून डावा जॉइंट तपासला. शांत.

शेजारचे नाना आले होते बरोबर. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, ‘‘अरे, आवाज यायला लागला म्हणजे बूट बदलून काय उपयोग? आतली गोटी खाल्ली गेली असणार.’’

मी म्हटलं, ‘‘नाना, उघडून बघू तरी.’’

‘‘बघ. पण दुकानदाराला आधीच विचारून ठेव शाफ्टचं.’’

1 मे

महाराष्ट्र दिन, दुकानं बंद. नानांबरोबर ओट्यावर बसून हा जॉइंट नेमका कशासाठी, यावर चर्चा. त्यांची सगळी नोकरी मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांवर गेली. मधे लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याला क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हासारखा सांधा. निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, ग्रीस गन लावली की काम झालं. अँबॅसिडर आणि पद्मिनीही तशाच. बूट फाटणं ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आली ती डिसेंबर 1983 नंतर, मारुती 800 रस्त्यावर आल्यावर. पुढचीच चाकं ओढणार आणि पुढचीच वळणार, म्हटल्यावर हे दुखणं सोबत आलंच.

क्रॉसची अडचण अशी की शाफ्ट कोनात असला की एका फेरीत पुढचा भाग दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन लहान आणि दोन टोकांना दोन क्रॉस, त्यामुळे एकाची चूक दुसरा खातो. पण पूर्ण कापलेल्या चाकाला असे हिसके बसले तर स्टिअरिंग हातात ठरणार नाही. आल्फ्रेड झेपा या फोर्डमधल्या इंजिनिअरने 1920 च्या दशकात यावर तोडगा काढला: आत एक वाटी, बाहेर एक वाटी, मधे सहा गोळ्या आणि त्यांना धरणारा पिंजरा. शाफ्ट कितीही वळला तरी गोळ्या दोन्हींच्या कोनाच्या बरोबर मध्यावरच राहतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात. 1959 च्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीमध्ये बाहेरच्या टोकाला याच जातीचा जॉइंट होता, आणि तिथून पुढे छोट्या गाड्यांची हीच रीत झाली.

नानांचा प्रश्न बरोबर होता. ‘‘मग याला ग्रीस निपल का नाही?’’

कारण हा जॉइंट आयुष्यभराचं ग्रीस भरून बंद केलेला असतो. सगळी भिस्त त्या रबरावर. बूट शाबूत तर जॉइंट गाडीइतका टिकतो. बूट गेला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. आमच्याकडच्या जांभ्याची लाल धूळ तर ग्रीसमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचंच काम करते.

4 मे

पार्ट्सची चौकशी. गावातल्या दुकानात एकच पर्याय सांगितला, पूर्ण शाफ्ट, दोन्ही बाजूंचे. बूट किट ‘‘येत नाही’’ म्हणे. येतं. पुण्यात नाना पेठेत मावसभावाला पाठवलं, त्याला पहिल्याच गल्लीत मिळालं: बाहेरचा बूट, आतला बूट, चार पट्ट्या, सर्क्लिप (शाफ्टला खाचेत अडकवून धरणारी स्प्रिंगची कडी) आणि ग्रीसच्या दोन पुड्या.

दुकानदाराची बाजूही समजते. बूट बदलायला मजुरी शाफ्ट बदलण्याहून जास्त, हात काळे, आणि महिन्याने आवाज आला की गिऱ्हाईक भांडायला हजर. पूर्ण शाफ्ट घातला की अर्ध्या तासात गाडी बाहेर. पण ज्या जॉइंटमध्ये अजून घाण शिरलेली नाही, त्याच्यासाठी काही हजार घालवायचे हे मला पटत नाही.

फाटलेला भाग न काढता वरून चिकटवायचा, उभा कापलेला बूटही एका दुकानात दाखवला भावाला. सांध्याला डिंक लावून बंद करायचा. ग्रीसचा हात न लागता तो सांधा चिकटवणं जवळपास अशक्य, आणि वळताना पहिला ताण तिथेच येतो. नको म्हटलं.

7 मे

मतदान, सगळं बंद. डिफरन्शियलच्या (गिअरबॉक्समधून दोन्ही शाफ्टना ताकद वाटणारा भाग) तोंडाशी लागणारं ऑइल सील दोन्ही बाजूंसाठी मागवायचं राहिलं होतं, ते भावाला फोन करून यादीत वाढवलं. शाफ्ट ओढून काढताना जुन्या सीलची ओठ दुखावते, आणि आत्ता वाचवलेल्या थोड्या पैशांपायी पुन्हा सगळं उतरवायला लागतं.

12 मे, रविवार

सकाळी सात वाजता सुरुवात, उन्हाच्या आधी.

चाक जमिनीवर असतानाच शाफ्टचा मोठा नट ढिला केला. नटाचं लॉक आधी सोडवलं, मग लांब हँडलला पाइप घालून. मुलगी आत बसून ब्रेक दाबत होती. गाडी जॅकवर घेतल्यावर हा नट सोडवायचा प्रयत्न करणाऱ्यांना माझा नमस्कार. गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) घेतली, मागच्या चाकांना दगड, गिअर ऑइल काढून घेतलं. आतलं टोक बाहेर आलं की ऑइल येणारच, ते आधीच भांड्यात घेतलेलं बरं.

कॅलिपर सोडून तारेने शॉकअपला टांगला, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला नाही. टाय-रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) सुटला. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढला, पण आर्म खाली दाबायला पहार आणि नानांचं वजन दोन्ही लागलं. या गाडीत स्टॅबिलायझर बार आर्मलाच अडकवलेला असतो, तो आर्मला वर ओढून धरतो. नाना पहारेवर बसले, ‘‘हाण रे आता,’’ म्हणाले, आणि नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग, बाहेर निघाला.

शाफ्टचं टोक हबमधून मागे ढकलताना लाकडाचा तुकडा ठेवून ठोकलं. थेट हातोडी मारली की पहिले आटे पसरतात आणि नट परत चढत नाही.

आतलं टोक: गिअरबॉक्सची बॉडी आणि जॉइंटची वाटी यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी कांब) घालून हिसका. सर्क्लिप खाचेतून सुटला की टक् असा आवाज होतो. शाफ्टला धरून कधीच ओढायचं नाही. आतला जॉइंट तीन रोलरचा, सरकता असतो. शाफ्ट ओढला की रोलर वाटीतून बाहेर येतात आणि बूटही ताणला जातो.

दुपारी बारापर्यंत दोन्ही शाफ्ट खाली, सतरंजीवर. उजवा लांब, डावा आखूड. गिअरबॉक्स डाव्या बाजूला असल्यामुळे असं.

12 मे, दुपारनंतर

डावा आधी. बाहेरचा बूट कापून काढला. आतलं ग्रीस काळं, दाट, चकचकीत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमुळे ते मुळातच काळं असतं, त्यामुळे काळा रंग पाहून घाबरायचं नाही. बोटाच्या चिमटीत चोळलं, कुठे कचकच नाही. पांढऱ्या कागदावर पसरून खालून चुंबक फिरवलं, एकही कण हलला नाही. फडक्याने पुसत, आतली वाटी तिरकी करत एकेक गोळी समोर आणली आणि टॉर्चखाली पाहिली. सगळ्या आरशासारख्या. खाचांमध्ये गोळी फिरल्याची फिकट रेघ, नखाला न लागणारी.

उजवा. इथे ग्रीस म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. तपकिरी, पाणी मिसळलेलं, वाळू घातलेल्या पातळ पिठल्यासारखं. चिमटीत घेतलं तर दातांखाली खडा यावा तशी कचकच. कागदाखाली चुंबक फिरवल्यावर बारीक चंदेरी केस उभे राहिले. धुऊन पाहिलं तेव्हा सहापैकी चार गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे आणि खाचेच्या एकाच कडेवर लांबट खळगा. नख बरोबर अडकतं.

एकाच कडेवर का? गाडी बहुतेक वेळ पुढेच जाते, म्हणजे जोर खाचेच्या एकाच बाजूवर येतो. दुसरी बाजू रिव्हर्समध्ये लागते, ती कोरी आहे. जुन्या मिनीवाले याचा फायदा घेत: डावा जॉइंट उजवीकडे, उजवा डावीकडे, म्हणजे न झिजलेली कड कामाला येते. नानांना हे सांगितल्यावर ते लगेच तयार. पण सुझुकीचं मॅन्युअल स्पष्ट आहे: चाकाकडचा जॉइंट उघडायचा नाही, बिघडला तर बदलायचा. आणि शाफ्टची लांबी वेगळी, म्हणून आख्खा शाफ्ट फिरवणंही शक्य नाही. शिवाय गोळ्यांनाच खड्डे पडलेत, त्या कुठल्याही कडेवर फिरल्या तरी वाजणार.

निर्णय: डाव्याला फक्त बूट. उजवा शाफ्ट नवा.

नानांनी काही बोलून दाखवलं नाही, पण चहा घेताना चेहऱ्यावर होतं.

14 मे

उजव्या शाफ्टसाठी दोन पर्याय होते: रिकंडिशन किंवा नवा. रिकंडिशनचं काम नीट झालं तर वाईट नसतं. खाचा पुन्हा ग्राइंड करून किंचित मोठ्या मापाच्या गोळ्या घालतात. पण कोणी फक्त धुऊन, नवं ग्रीस आणि नवे बूट घालून रंग मारून विकला, तर बाहेरून कळायला मार्ग नाही. नवा घेतला. साडेतीन हजारांच्या वर गेला, घासाघीस करूनही.

दुकानातच भावाला व्हिडिओ कॉलवर ठेवून जुन्याशी ताडून पाहिलं: लांबी, दोन्ही टोकांचे दाते मोजून, नट चढवून. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक दाते बदललेले सापडतात, आणि परत करायला पुण्याला जायचं म्हणजे एक दिवस आणि पेट्रोल.

18 मे, शनिवार

डाव्या शाफ्टचं काम. बाहेरचा जॉइंट उघडायचा नसल्यामुळे नवा बूट आतल्या टोकाकडून घालावा लागतो. म्हणजे आतला जॉइंट काढणं आलंच, आणि मग आतला बूटही नवाच घातला, किटमध्ये होताच.

आतल्या वाटीची पट्टी कापली, वाटी ओढून काढली. तीन रोलरचा तो त्रिकोणी तुकडा दिसला. काढण्याआधी वाटी, तुकडा आणि शाफ्ट यांवर मार्करने खुणा केल्या. छिन्नीने ठोकून खूण करू नये, कठीण पोलादात तिथूनच तडा जाऊ शकतो. पुढचं लॉक काढून तुकडा हलक्या हाताने सरकवला. रोलर सुटे करायचे नाहीत, आतल्या सुया जमिनीवर सांडल्या की पुरे.

बाहेरचा जॉइंट डिझेलने न धुता फक्त पुसून घेतला. ग्रीस चांगलं होतं आणि तो भाग पूर्ण उघडता येत नाही. धुतला असता तर आत अडकलेलं डिझेल नव्या ग्रीसला पातळ करत राहिलं असतं.

शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळली, त्यावरून बूट सरकवला. टेप नसली तर नव्या रबराला आतून चरा पडतो, आणि तो चरा पुढच्या वर्षी फाटतो. ग्रीसची काळी पुडी चाकाकडे, पिवळसर आतल्या बाजूला. ही अदलाबदल चालत नाही, रोलर आणि गोळ्यांची गरज वेगळी. काळ्या पुडीतलं अर्धंअधिक ग्रीस अंगठ्याने गोळ्यांच्या फटीत दाबलं, दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत, उरलेलं बुटात. हातातलं साधं चाकाचं ग्रीस घालायचा मोह कोणालाही होईल, डबा समोरच असतो. नाही घातलं.

बुटाचं लहान तोंड शाफ्टवरच्या खाचेत बसलं की हाताला कळतं. ते बसवून, मोठं तोंड वाटीवर चढवलं. पट्टी आवळण्याआधी ओठाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडली. अडकलेल्या हवेमुळे बूट फुगतो, उलट आत पोकळी राहिली तर घड्या आत ओढल्या जाऊन एकमेकींवर घासतात. आतल्या जॉइंटला हे जास्त महत्त्वाचं, कारण तो सरकतो. वाटी अगदी आत किंवा अगदी बाहेर न ठेवता मधल्या मापावर धरून पट्टी लावली.

पट्टीचं दुमडलेलं टोक पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं, त्याच्या उलट दिशेला ठेवायचं. नाहीतर चिखल, काटक्या त्याला उचकटत राहतात. पहिली पट्टी पक्कडीने आवळताना निसटून बोट कापलं. दुसरीला कानाची पक्कड मागून आणली, तेव्हा नीट झालं. प्लॅस्टिकचा टाय वापरून पाहावा का, असं नानांनी सुचवलं. घाटात अडकलो तर घरी येण्यापुरता चालेल; कायमचा नाही, त्याला एवढा दाब पेलत नाही.

19 मे, रविवार

बसवणी. सीलची नवी ओठ ग्रीसने ओली केली, शाफ्ट सरळ धरून आत ढकलला. सर्क्लिप बसल्याचा टक् आवाज डाव्याला लगेच आला. उजव्या, नव्या शाफ्टला येईना. काढून पाहिलं तर सर्क्लिप खाचेत मधोमध नव्हता. ग्रीसने मधोमध चिकटवून घातला, मग बसला. वाटीला धरून बाहेर ओढून पाहिलं, शाफ्टला नाही.

बॉल जॉइंट, टाय-रॉड, कॅलिपर, मग शाफ्टचा नवा नट. शाफ्ट हबमध्ये घट्ट नसताना गाडीचं वजन चाकावर येऊ द्यायचं नाही, बेअरिंग बिघडतं. म्हणून घोड्यांवरच, मुलीचा पाय ब्रेकवर, टॉर्क पाना लावून. पाना ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून आणला. छोट्या गाड्यांत या नटाला साधारण 150 ते 200 न्यूटन-मीटरच्या घरात घट्टपणा लागतो. हाताच्या अंदाजाने तो पोहोचत नाही, आणि नट ढिला राहिला की दोन महिन्यांत बेअरिंग गुणगुणायला लागतं. मॅन्युअलमधल्या आकड्याला पाना कटकन सुटला, नट लॉक केला.

गिअर ऑइल नवं भरलं, लेव्हलच्या भोकातून वाहेपर्यंत, गाडी सपाट असताना.

मैदानावर दोन्हीकडे पूर्ण कापून चाचणी. आवाज नाही.

26 मे

कुंभार्ली घाट, वर कोयनेपर्यंत आणि परत. घाट यासाठी की वळणावर गिअर खाली टाकून चढताना जॉइंटवर कोन आणि ताकद दोन्ही एकदम येतात. उतरताना स्टिअरिंग सरळ, धक्का नाही.

घरी येऊन चाकांच्या आत पाहिलं. डाव्या बाहेरच्या बुटाच्या मोठ्या पट्टीखालून ग्रीसचा पातळ पापुद्रा सुटलाय. नव्या बुटात जास्तीचं ग्रीस पहिल्या गरम झाल्यावर थोडं बाहेर येतं, तेच असावं. पुसून घेतलं, पट्टीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली म्हणजे सरकली तर कळेल.

9 जून

पाऊस लागला. चिखलातून आल्यावर पुन्हा पाहिलं. पापुद्रा परत आलेला नाही, रेघ जागेवर. गिअरबॉक्सच्या सीलखाली जमीन कोरडी.

जुना उजवा शाफ्ट भंगारात दिलेला नाही. त्याचा आतला जॉइंट आणि रोलर चांगले आहेत, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. उजव्या टाय-रॉड एंडच्या रबराला मात्र चीर दिसली आहे. काम करताना तो ठोकून काढला होता, तेव्हापासून असेल. पार्ट मागवला आहे. दिवाळीपर्यंत थांबणार नाही, पुढच्या उघडिपीत करतो.